परसातला हंस आणि गावचे गवत

हंस हा शब्द उच्चारला की आपल्या मनापुढे सरस्वतीचे वाहन उभे राहते, मानससरोवर आठवते, दूध आणि पाणी वेगळे करणारी ती चोच आठवते. आम्ही ज्या हंसाविषयी बोलणार आहोत तो इतका थोर नाही. तो परसात राहतो, चिखल करतो, परका माणूस दिसला की कर्कश ओरडतो आणि दिवसभर गवत खातो. खेड्यात कुणी त्याला राजहंस म्हणतात, तर कुणी नुसते मोठे बदक म्हणून मोकळे होतात. मात्र दूध आणि पाणी निवडण्याचा जो गुण कवींनी त्याला चिकटवला, तो त्याला पाळणाऱ्या माणसाच्या अंगी असणे फार जरूर आहे. या धंद्यात दूध किती आणि पाणी किती, एवढेच आम्हाला सांगावयाचे आहे.

कामगार चळवळीतल्या माणसाने पक्ष्यांच्या गोष्टी का सांगाव्यात, असे कुणी विचारील. त्याला कारण आहे. जानेवारी १९८२ मध्ये मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला आणि त्यानंतर हजारो गिरणी कामगार कोकणात आणि घाटावर आपापल्या गावी परतले. पुढे इतर कारखान्यांतल्या माणसांवरही तीच पाळी आली. फंडाची आणि ग्रॅच्युइटीची रक्कम हातात घेऊन गावाकडे निघालेला माणूस आम्हाला नेहमी एकच प्रश्न विचारतो, "घराभोवती दहा गुंठे आहेत, त्यांत काय करावे?" मग शेळीची गोष्ट निघते, कोंबडीची निघते, आणि कुणीतरी हंसाची जोडी घ्यावयास सांगतो. विकणारा म्हणतो, "याला दाणा लागत नाही, हा गवतावर जगतो." हे वाक्य खोटे नाही, पण ते अर्धे आहे. उरलेले अर्धे असे, की गवत असेल तर.

म्हणून आधी हा पक्षी गवत खातो म्हणजे काय करतो, ते पाहू. पाळीव हंसाची मुळे दोन. युरोपातले हंस करड्या रानहंसापासून माणसाळले. चीनमधले निराळ्या रानहंसापासून आले आणि त्यांच्या चोचीच्या मुळाशी एक गाठ असते. दोन्ही कुळांच्या चोचीच्या कडा करवतीसारख्या दातेरी असतात, आणि त्या कडांनी हंस गवताचे शेंडे कातरीत जातो. कोंबडी मुख्यतः दाणे आणि किडे वेचते. हिरवा पाला तिला तोंडी लावण्यापुरता. हंसाचे मुख्य जेवणच गवत. पण त्याला गाईसारखे चार कप्प्यांचे पोट नाही. त्याच्या पोटातली दळणाची पिशवी भक्कम असते, तिच्यात वाळूच्या खड्यांबरोबर गवत भरडले जाते, रस तेवढा अंगी लागतो आणि चोथा झटपट बाहेर पडतो. म्हणून तो सतत खातो आणि सतत घाण करतो. त्याला गवत हवे ते आखूड, कोवळे, हिरवे. कमरेएवढे वाढून वाळलेले गवत त्याच्या उपयोगाचे नाही. ते गाईचे काम.

या एका गुणामुळे इंग्लंडमध्ये हंस हा गरिबाचा पक्षी होऊन बसला होता. तिकडच्या खेड्यात झोपडी आणि वीतभर बाग एवढीच ज्याची मालमत्ता, असा मजूर गावच्या सामाईक रानात एखादी गाय किंवा थोडे हंस सोडीत असे. हंसांवर त्याला दमडीचा खर्च नव्हता. सुगी झाल्यावर खळ्यात आणि शेतात सांडलेल्या दाण्यांवर हंस पुष्ट होत, आणि २९ सप्टेंबरला, जेव्हा तिमाही खंड भरावयाचा असे, त्या सणाला हंस खाण्याची आणि जमीनदाराला भेट देण्याची चाल होती. लिंकनशरच्या पाणथळ मुलखातून हंसांचे मोठे कळप पायी चालवीत शहराच्या बाजारात नेत. वाटेत पाय सोलू नयेत म्हणून त्यांना आधी डांबरातून आणि मग वाळूतून चालवीत. नॉटिंगहॅमच्या मोठ्या जत्रेला आजही हंसांचीच जत्रा म्हणतात.

पुढे अठराव्या शतकाच्या मध्यापासून शंभरेक वर्षांत पार्लमेंटाने एकामागून एक कायदे केले आणि ही सामाईक राने कुंपणे घालून वाटून टाकली. वाटणी जमिनीच्या हक्काच्या प्रमाणात झाली. ज्याचा हक्क कागदावर नव्हता, नुसता वहिवाटीने चालत आला होता, त्याच्या वाट्याला काहीच आले नाही, किंवा आला तो एवढासा तुकडा, की त्याला कुंपण घालण्याचा खर्चही झेपेना. मग तो तुकडाही विकला गेला. आर्थर यंग हा शेतीवरचा नामांकित लेखक प्रथम या कुंपणांचा कैवारी होता. त्यानेच १८०१ साली लिहिले, की बहुतेक ठिकाणी या वाटणीने गरिबांचे नुकसान झाले. हंसाच्या जातीत काही बदल झाला नव्हता, पाळणाऱ्याच्या कसबात खोट आली नव्हती. गवत गेले म्हणून हंस गेला. त्या काळी लिहिण्याची लेखणी हंसाच्या पिसाची असे. ज्या कायद्यांनी हंसांचे रान गेले, ते कायदे लिहावयासही हंसाचेच पीस कामी आले.

ही गोष्ट ध्यानात ठेवून आता आपल्या परसाकडे येऊ. सुरुवात एका नराने आणि तीनचार माद्यांनी करावी. नर आणि मादी दिसावयास जवळजवळ सारखी, म्हणून जाणत्याकडून पारखून घ्यावीत. नाही तर चार नर घरी येतात आणि वर्षभर नुसती भांडणे चालतात. मादी वर्षातून एका हंगामातच अंडी देते आणि साधारण पंचवीस ते चाळीस देते. चिनी कुळाची थोडी अधिक. दुसऱ्या वर्षापासून अंडी चांगली भरतात. अंडे कोंबडीच्या अंड्याच्या जवळजवळ तिप्पट वजनाचे असते. मादी स्वतःची लव उपटून घरटे मऊ करते आणि सुमारे तीस दिवस अंड्यांवर बसते. खुडूक कोंबडीखालीही चारपाच अंडी ठेवता येतात. पण अंडे जड असल्याने कोंबडीला ते फिरवता येत नाही, म्हणून रोज आपल्या हाताने फिरवावे आणि शेवटच्या दिवसांत त्यावर कोमट पाणी शिंपडावे.

पिलांना पहिला आठवडा ऊब लागते, सुमारे बत्तीस अंश. पुढे दर आठवड्याला ती थोडथोडी कमी करावी. ती कोरडी राहतील असे पाहावे. आईविना वाढणाऱ्या पिलाच्या पिसांना तेलकटपणा नसतो, पावसात भिजले की ते गारठून मरते. कोंबडीच्या पिलांचे खाद्य त्यांना पुरत नाही, कारण नायसिन नावाचे जीवनसत्त्व त्यांना अधिक लागते आणि ते कमी पडले तर पाय वाकडे होतात. आपल्या घरचा भाताचा कोंडा या बाबतीत उत्तम आहे. आठवड्याचे पिलू कोवळ्या गवतावर तोंड टाकू लागते, आणि पाचसहा आठवड्यांचे झाले की चांगल्या कुरणात बहुतेक पोट तिथेच भरते. हंसाला तळे लागतेच असे नाही. पण डोके पूर्ण बुडवून डोळे आणि नाकपुड्या धुता येतील एवढे खोल पाणी रोज हवे. एक मोठे घमेले रोज धुऊन भरले तरी भागते. दुपारी सावली हवी. रात्री मात्र कोंडावेच लागते. कोल्हा, रानमांजर आणि भटकी कुत्री यांच्यापुढे त्याच्या ओरडण्याचे काही चालत नाही.

ओरडण्याचा उपयोग मात्र आहे. इ. स. पूर्व ३९० च्या सुमारास गॉल लोक रात्री रोमचा गड चढू लागले तेव्हा कुत्री गप्प राहिली आणि जूनो देवीच्या हंसांनी पहारेकऱ्यांना जागे केले, असे रोमचे इतिहासकार सांगतात. स्कॉटलंडमध्ये डम्बार्टन येथे मद्याच्या गोदामावर १९५९ पासून २०१२ पर्यंत हंसांचा पहारा होता. वखारवाल्याला ही नोकरमंडळी का आवडावी हे आम्हाला कळते. ती रजा मागत नाहीत आणि बोनसही मागत नाहीत. परंतु शेजाऱ्याची भिंत लागून असेल तर हा पहारा शेजाऱ्याचीही झोप मोडतो, हे पाळण्यापूर्वीच ध्यानात घ्यावे.

आता हिशेब. चरावयास न मिळालेल्या मोठ्या हंसाला दिवसाला दीडशे ते दोनशे ग्रॅम दाणा लागतो. एक नर आणि चार माद्या धरल्या, तर पाऊण ते एक किलो. घाटावरच्या कोरड्या मुलखात पावसाळ्याचे चार महिने सोडले तर कोवळे गवत कुठले? उरलेल्या आठ महिन्यांत सुमारे १८० ते २४० किलो दाणा विकत घ्यावा लागेल. चार माद्यांनी प्रत्येकी तीस अंडी दिली तर वर्षाची १२० होतात. म्हणजे एका अंड्यामागे दीड ते दोन किलो दाणा पडला. तेवढ्या दाण्यात जातिवंत कोंबडी डझनभर अंडी देते. हेच पाच हंस कोकणात ओहोळाकाठी, नारळी-पोफळीच्या बागेत, जिथे शिंपण्यामुळे उन्हाळ्यातही हिरवळ टिकते तिथे ठेवा. दाण्याचा खर्च मूठभरावर येईल आणि बागेतले तणही आखूड राहील. पक्षी तोच, कष्ट तेच. फरक फक्त गवताचा. शिवाय आपल्याकडे हंसाच्या मांसाला ठरलेला बाजार नाही. म्हणून पिले कोण घेणार, हे जोडी विकत घेण्यापूर्वी विचारावे.

या हिशेबात एक रकाना बहुतेक जण कोरा ठेवतात. घमेले कोण धुतो, खुराडे कोण झाडतो, अंडी रोज कोण फिरवतो? घरची बाई. तिच्या तासांची मजुरी लावल्याविना जो फायदा दिसतो तो फायदा नव्हे. ते न दिलेले वेतन होय. कारखान्यात ज्यांनी फुकटच्या तासाला विरोध केला, त्यांनी घरी येऊन तोच नियम विसरावा, हे बरे नाही.

मजुरीचा प्रश्न दुसऱ्या बाजूनेही येतो. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या मध्यास कपाशीच्या शेतांत तण काढण्यासाठी हंस सोडीत. हंस गवतवर्गातले तण खातो आणि कपाशीच्या रुंद पानाला बहुधा तोंड लावीत नाही. आपल्या शेतकऱ्याला रडवणारी हरळी तो आवडीने खातो. पुढे तणनाशक औषधे आली आणि हंस मागे पडले. आपल्याकडे निंदणीवर असंख्य बायांची चूल पेटते. मग हंस त्यांचा वैरी समजावा काय? आमचे म्हणणे असे, की वैर पक्ष्याचे नसते. हंस त्याच बायांच्या मालकीचे असतील तर ती त्यांची मिळकत आहे. मोठ्या शेतकऱ्याने रोज तोडण्यासाठी ते आणले तर ती कपात आहे. यंत्राच्या बाबतीत आम्ही जो प्रश्न विचारीत आलो, तोच इथेही विचारावा: मालक कोण?

एक धोका मात्र सांगितलाच पाहिजे. बर्ड फ्लूचा जो घातक विषाणू पुढे जगभर पसरला, तो प्रथम १९९६ साली चीनच्या ग्वांगडाँग प्रांतात पाळीव हंसात सापडला. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला ही साथ आली आणि तिथल्या कोंबड्या मोठ्या संख्येने माराव्या लागल्या. पाणपक्ष्यांत हा रोग कधी कधी वरून न दिसता राहतो. म्हणून हंस आणि कोंबड्या एका खुराड्यात ठेवू नयेत, रानपक्ष्यांच्या तळ्यावर त्यांना सोडू नये, आणि पक्षी एकाएकी मरू लागले तर ते न लपवता गुरांच्या दवाखान्यात कळवावे.

तात्पर्य काय? हंस हा पगाराला पर्याय नाही, पेन्शनलाही नाही. ज्याच्यापाशी हिरवे गवत आहे त्याला तो थोडी अंडी, थोडी पिले आणि रात्रीची राखण देतो. दहा गुंठ्यांच्या मालकापाशी स्वतःचे गवत ते किती असणार? त्याचे खरे कुरण म्हणजे ओढ्याचा काठ, तळ्याचा बांध आणि गावचे गायरान. २८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामाईक जमिनींवरची बेकायदा अतिक्रमणे हटवण्याच्या योजना आखण्यास राज्यांना सांगितले. सरकारी पट्ट्याने जमीन मिळालेल्या भूमिहीनांचा आणि मागासवर्गीयांचा अपवाद होऊ शकेल, असेही म्हटले. निकाल चांगला आहे, पण निकाल काही गायरानाची राखण करीत बसत नाही. ते काम ग्रामसभेत हात वर करणाऱ्यांचे आहे. म्हणून ज्यांना हंस पाळावयाचे आहेत त्यांना आमचे सांगणे असे, की पक्ष्याच्या बाजारात जाण्याआधी तलाठ्याकडे जावे, गावच्या गायरानाचा सातबारा मागावा, आणि ते गवत आज कुणाच्या कुंपणात आहे ते पाहून यावे.