बोरिवलीचें नांव लाभलेली पांढरी मुसळी

मृगाचे पहिले दोन-चार पाऊस पडून गेले कीं बोरिवली, दहिसर, मुलुंड या भागांतील बाजारांत डोंगराकडील पाड्यांतल्या बायका हिरव्या पातीच्या जुड्या घेऊन बसतात. ही पात दुरून कांद्याच्या पातीसारखी दिसते; परंतु ती चपटी असते व तिला कांद्याचा वास नसतो. कोणी तिला फोडशी म्हणतात, कोणी कुलू, तर कोणी कोळीची भाजी. शहरांतील गिऱ्हाईक जुडी घेतें, भाजी खातें आणि विसरून जातें. परंतु याच पातीच्या मुळाशीं जी मुसळी असते, तिच्या नादानें आपल्यापैकीं कित्येक शेतकरी एके काळीं कर्जांत बुडाले, ही गोष्ट विसरण्याजोगी नाहीं. या वनस्पतीची ओळख, लागवड व उपयोग शेतकरी बंधूंपुढें मांडावा, आणि त्याबरोबरच आमच्या हातून घडलेली एक चूकही सांगावी, या हेतूनें हा लेख लिहिला आहे.

प्रथम नांवाविषयीं. शास्त्रज्ञ लोक पांढऱ्या मुसळीस ‘क्लोरोफायटम बोरिविलिआनम’ असें म्हणतात. यांतील दुसरा शब्द आपल्या बोरिवलीवरूनच आला आहे. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजांतील वनस्पतिशास्त्राचे अध्यापक फादर सांतापाव व त्यांचे सहकारी फर्नांडिस यांनीं १९५५ सालीं बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकांत या जातीचें वर्णन प्रथम प्रसिद्ध केलें. त्या वेळीं बोरिवली मुंबई महानगरपालिकेच्या हद्दींतही नव्हती. ती १९५७ सालीं आंत घेतली गेली. आज ज्यास संजय गांधी राष्ट्रीय उद्यान म्हणतात, त्या डोंगराच्या पायथ्याशीं तेव्हां भाताचीं खाचरें व वरकस जमिनी होत्या. ज्या औषधीच्या शोधांत पुढें लोक गुजरात, राजस्थान व मध्यप्रदेशांतील रानें पालथीं घालूं लागले, तिला नांव मात्र आपल्या गांवाचें मिळालें. फोडशी या नांवाखालीं याच वर्गांतील इतर जातींचीही पात विकली जाते, हें येथेंच सांगून ठेवणें बरें.

आतां झाडाविषयीं. पावसाच्या सरी येतांच जमिनीतून गवतासारख्या लांब पानांचा झुबका वर येतो. लवकरच मध्यें एक सरळ दांडा निघून त्यावर सहा पाकळ्यांचीं लहान पांढरीं फुलें येतात. जमिनीखालीं एकाच गड्ड्यास पांच-दहा मांसल मुळ्या बोटांसारख्या लोंबत असतात. भाद्रपद-आश्विनांत पानें पिवळीं पडून गळतात आणि वर झाडाचा मागमूसही राहत नाहीं. पुढील जेठापर्यंत तें झाड मुळ्यांतील सांठ्यावर जमिनींत निजून राहतें.

या झाडास दुष्काळ सोसणारें म्हणतात तें एवढ्याच अर्थानें. तें उन्हाशीं झगडत नाहीं. ऊन येण्यापूर्वींच आपलें काम उरकून घेतें. आपल्या डोंगरांत चार महिन्यांत मुबलक पाऊस पडतो व पुढें आठ महिने जवळजवळ थेंबही पडत नाहीं. अशा ठिकाणीं ही रीत फारच सोयीची आहे. म्हणून उन्हाळ्यांत मुसळीस पाण्याची गरज नाहीं. परंतु पावसाळ्यांत साचलेलें पाणी तिला मुळींच सोसत नाहीं, मुळ्या कुजतात. उलट पावसानें मोठी उघडीप दिली तर हलकें पाणी द्यावें लागतें. ‘हें पीक पाण्यावांचून येतें’ असें जो सांगतो तो अर्धेंच सत्य सांगतो.

उपयोगांपैकीं पहिला उपयोग भाजीचा. फुलाचा दांडा येण्यापूर्वीं पात कोंवळी असते, तेव्हांच ती खुडावी. बुडाकडील पांढरा भाग व मधला कठीण दांडा काढून टाकावा. पातीच्या बेचक्यांत माती फार असते, म्हणून ती दोन-तीन पाण्यांतून धुवावी. नंतर बारीक चिरून कांदा, लसूण व हिरवी मिरची यांच्या फोडणीवर भिजविलेली मुगाची किंवा हरभऱ्याची डाळ घालून परतावी. पाणी घालूं नये. पातीचेंच पाणी पुरतें. पीठ लावून तिचीं भजीं व थालीपीठेंही उत्तम होतात. पान खुडतांना गड्डा उपटूं नये, म्हणजे तेंच झाड पुढील वर्षीं पुन्हां पात देतें.

दुसरा उपयोग औषधाचा. सोलून वाळविलेल्या मुळ्यांची पूड वैद्य लोक अशक्तपणावर, आजारांतून उठलेल्यास व बाळंतिणीस शक्तिवर्धक म्हणून दुधांतून देतात. या मुळ्यांत सॅपोनिन नांवाचीं द्रव्यें असतात व त्यांवरून मालाचा कस पाहिला जातो. मात्र हें चूर्ण म्हणजे कांहीं अमृत नव्हे. चालू औषधें घेणाऱ्यानें किंवा गर्भवतीनें तें वैद्य-डॉक्टरांस विचारल्याखेरीज घेऊं नये.

आतां त्या चुकीविषयीं. केंद्र सरकारनें २००० सालीं राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळ स्थापन केलें व लागवडीस उत्तेजन देण्यासाठीं ज्या वनस्पती निवडल्या त्यांत पांढऱ्या मुसळीचें नांव होतें. त्याच सुमारास मुसळीचा मोठा बोलबाला झाला. वाळलेल्या मालाचा भाव किलोस हजार रुपयांच्या वर सांगितला जाई. ठिकठिकाणीं बियाणें विकणारे व ‘तुमचा माल आम्हीच परत घेऊं’ असा करार करून देणारे लोक उभे राहिले.

आमचे थोरले मावसबंधू, ज्यांस आम्ही नाना म्हणतों, यांनीं २००३ सालीं एक एकर मुसळी लावण्याचें ठरविलें. बियाणें ३६० किलो, दर किलोस ४०० रुपये, म्हणजे १,४४,००० रुपये झाले. त्यासाठीं वहिनींचे दागिने गहाण पडले. आम्ही महसूल खात्यांत कारकुनी करीत असल्यामुळें नात्यांतील कागद आमच्याकडे वाचावयास येत. नानांनीं करारनामा आणून विचारलें, “कागद बरोबर आहे ना रे?” आम्हीं मुद्रांक पाहिला, सह्या पाहिल्या, साक्षीदार पाहिले, आणि उत्तर दिलें, “नाना, कागद पक्का आहे.”

कागद पक्काच होता, पण तो कंपनीच्या बाजूनें. त्यांत एक कलम असें होतें कीं, माल ठरल्या प्रतीस उतरला तरच घेतला जाईल, व प्रत ठरविण्याचा अधिकार कंपनीचा राहील. हें कलम आम्हीं वाचलें होतें, परंतु त्याचा अर्थ मनांत आणला नाहीं. माल निघाला तेव्हां तो प्रतीस उतरत नाहीं असें सांगण्यांत आलें. पुढें दोन महिन्यांनीं त्या कचेरीस कुलूप दिसलें. व्यापाऱ्यानें जो भाव दिला त्यांत खुदाईची मजुरीही फिटली नाहीं. दागिने सोडविण्यास नानांस सहा वर्षें लागलीं. त्यांनीं आम्हांस एका शब्दानेंही दोष दिला नाहीं. म्हणूनच तो आम्हीं स्वतः येथें लिहून ठेवीत आहों.

असें कां झालें, याचा विचार पुढें आम्हीं पुष्कळ केला. त्या दोन-चार वर्षांत जी मुसळी विकली गेली तिचा मोठा भाग औषधासाठीं नसून बियाण्यासाठीं विकला जात होता. एका शेतकऱ्याचा माल दुसरा शेतकरी घेई, दुसऱ्याचा तिसरा. चूर्ण खाणारे लोक तेवढेच राहिले. नवीन लावणारे थांबले त्या दिवशीं भावही कोसळला. ज्या पिकाचें गिऱ्हाईक शेतकरीच असतो, त्या पिकापासून सावध राहावें, हा धडा केवळ मुसळीपुरता नाहीं.

याचा अर्थ मुसळी लावूंच नये असा नव्हे. ती गुंठ्याच्या मापानें लावावी, एकराच्या नव्हे. नानांनीं विहिरीजवळ राखलेल्या थोड्या गड्ड्यांतूनच आम्हीं बियाणें आणलें व गेलीं कांहीं वर्षें एक गुंठा लावीत आहों. त्याचा अनुभव पुढीलप्रमाणें आहे.

जमीन हलकी, भुसभुशीत व उताराची असावी. भाताचें खाचर उपयोगाचें नाहीं. वैशाखांत नांगरून उन्हांत तापूं द्यावी, चांगलें कुजलेलें शेणखत मिसळावें व वीतभर उंचीचे गादीवाफे करून मध्यें चर ठेवावेत. मृगाचा पाऊस स्थिरावला कीं मुळ्या लावाव्यात. प्रत्येक मुळीस वरच्या गड्ड्याचा तुकडा चिकटलेला असलाच पाहिजे, कारण डोळा त्या तुकड्यास असतो. नुसती तुटलेली मुळी कितीही जाड असली तरी उगवत नाहीं. बियाणें विकणारे लोक अशा तुटक्या मुळ्या वजनांत भरतात, तिकडे लक्ष असावें. बी पेरून झाडें करतां येतात, परंतु उगवण फार थोडी होते.

दोन ओळींत एक फूट व दोन झाडांत अर्धा फूट अंतर ठेवावें. गुंठ्याचे १०८९ चौरस फूट; त्यांत २१७८ झाडें बसतील, परंतु चर व वाटा वजा जातां १८०० धरावीं. मुळी सरासरी ५ ग्रॅमची धरल्यास गुंठ्यास ९ किलो बियाणें लागतें. दोन-तीन खुरपण्या कराव्या लागतात. हुमणीचा उपद्रव होतो, व डोंगराच्या अंगास रानडुकर आणि साळिंदर मुळ्या उकरतात, म्हणून कुंपण हवें.

पानें गळून गेल्यावर लगेच खणण्याची घाई करूं नये. मुळ्यांची साल काळपट तपकिरी होईपर्यंत त्या जमिनींतच पिकूं द्याव्यात. मार्गशीर्ष-पौषांत हलकें पाणी देऊन कुदळीनें जपून खणाव्यात. बियाण्याचे गड्डे निवडून सांवलींत कोरड्या वाळूंत ठेवावेत. बाकीच्या मुळ्या धुऊन, सुरीनें साल काढून, स्वच्छ कापडावर चार-सहा दिवस उन्हांत वाळवाव्यात. मुळी पांढरी होऊन कट्कन् मोडली कीं वाळली असें समजावें.

गेल्या हंगामांत आमच्या गुंठ्यांत ९ किलो लावून ३१ किलो ओला माल निघाला. बियाण्यास ९ किलो ठेवून उरलेल्या २२ किलोंचा वाळून ४ किलो झाला. कराराच्या कागदावर दसपट उत्पन्नाचा आंकडा होता. आम्हांस साडेतीनपटही पडलें नाहीं. सोलण्याचें काम घरच्या माणसांनीं केलें म्हणून तें परवडलें. माल आम्ही ओळखीच्या वैद्यांस देतों, आणि लावण्यापूर्वीं त्यांस किती लागेल तें विचारून घेतों.

दोन इशारे देणें अवश्य आहे. याच डोंगरांत कळलावी उगवते. तिचा कंद अत्यंत विषारी आहे. तिच्या पानाचें टोंक तणाव्यासारखें वळलेलें असतें व फूल लाल-पिवळें असतें, परंतु पानें गळल्यावर ही ओळख राहत नाहीं. म्हणून रानांत उघडा कंद पाहून मुसळी समजून खाऊं नये. काळी मुसळी ही तर निराळीच वनस्पती असून तिचें फूल पिवळें असतें. दुसरें असें कीं, राष्ट्रीय उद्यानांतून कोणतीही वनस्पती उपटून आणणें १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वयें गुन्हा आहे. आणि कायदा बाजूस ठेवला तरी, ज्या रानानें या झाडास आपल्या गांवाचें नांव मिळवून दिलें त्यांतूनच तें नाहींसें व्हावें, हें आपणांस शोभणार नाहीं.

ज्यांस पुढील मृगास लागवड करावयाची असेल त्यांनीं बियाण्यापूर्वीं गिऱ्हाईक शोधावें. करार झालाच तर ‘प्रत कोण ठरविणार’ हें कलम प्रथम वाचावें, आणि वाचणारा कारकून असला तरी तें स्वतः समजून घ्यावें. गिऱ्हाईक न मिळाल्यास चार गड्डे बांधावर लावून पहिल्या पावसांत भाजी खावी. त्यांत कोणाचेंच नुकसान नाहीं.