काडतुसाचा लॉट आणि नळीची पसंती

ग्वाल्हेरला बंदुकीचे नवल नाही. भिंड-मुरैनापासून शिवपुरीपर्यंत .३१५ची रायफल आणि बारा बोअर ही घराण्याच्या प्रतिष्ठेची वस्तू. परवान्याची हौस इतकी की २००८ मध्ये शिवपुरीत नसबंदी करून घेणाऱ्याला परवान्यात प्राधान्य द्यायची योजना निघाली होती, आणि २०१९ मध्ये ग्वाल्हेरच्या जिल्हाधिकाऱ्यांनी परवाना हवा असेल तर आधी दहा झाडे लावा असे फर्मावले. त्यामुळे हरिशंकरपुरमसारख्या वसाहतीतल्या मराठी घरात मुलीने टार्गेट रायफल हाती घेतली की नातेवाइकांना आधी समजावावे लागते, ही वेगळी जात आहे, हिचा वरातीतल्या गोळीबाराशी संबंध नाही. ते पटले की घरातला एखादा चौकस काका पुढचा प्रश्न टाकतो: परदेशातले नेमबाज म्हणे आपली काडतुसे आपणच भरतात, मग आपण का भरू नयेत?

प्रश्न रास्त आहे. अचूकतेचे बरेचसे गुपित काडतुसात असते. फक्त आपल्याकडे, आणि ऑलिंपिकच्या रायफल प्रकारांत तर जगभर, त्याचे उत्तर भरण्यात नसून निवडण्यात आहे.

घरी भरतात म्हणजे काय करतात

मोठ्या रायफलच्या काडतुसाचे भाग चार: पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी ठिणगी देणारी टोपी, पोटात दारू आणि तोंडाशी गोळी. बार झाल्यावर पुंगळी उरते. तिला साच्यातून काढून पुन्हा मापात आणायचे, नवी टोपी बसवायची, दारू तोलून घालायची, गोळी दाबून बसवायची. तीनशे मीटर आणि त्यापुढच्या अंतरावर नेम धरणारे अमेरिकेतले, युरोपातले लोक हे काम वर्षानुवर्षे करतात आणि त्यात रमतात.

रमण्यासारखे त्यात आहेही. पुंगळ्या वजनाने निवडता येतात. दारू बनवणाऱ्या कंपनीने छापलेल्या मर्यादेत राहून बारीक पावलांनी वजन बदलता येते. गोळी नळीतल्या आट्यांपासून किती अंतरावर उभी राहील, हेही ठरवता येते. नियम एकच: एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सारे जसेच्या तसे ठेवायचे. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर ग्रुप, म्हणजे लक्ष्यावरच्या भोकांचा पुंजका, सुधारला तो कशामुळे, हे कळायचा मार्ग उरत नाही. या साऱ्यामागे हवे असते ते एवढेच, की प्रत्येक गोळी त्याच वेगाने आणि नळी त्याच जागी असताना बाहेर पडावी. पुढचा सगळा विचार या एका वाक्यावर उभा आहे.

कायदा, आणि पुंगळीची कड

१९५९च्या शस्त्र कायद्याचे कलम ५ सांगते की दारूगोळा तयार करायला त्यासाठीचा वेगळा परवाना लागतो. रायफल बाळगण्याचा परवाना तो नव्हे. तेव्हा काकांनी व्हिडिओ पाहून गच्चीवर प्रयोग मांडायचा विचार सोडून द्यावा. तो गुन्हा आहे, आणि दारूचे माप चुकले तर रायफल तोंडाजवळ फुटू शकते, हे वेगळेच.

कायदा बाजूला ठेवला तरी खरी अडचण जागची हलत नाही. ऑलिंपिकमधली ५० मीटरची रायफल .२२ लाँग रायफल हेच काडतूस खाते, जे १८८७ पासून चालत आले आहे. त्याला वेगळी टोपी नसते. ठिणगी देणारे मिश्रण पुंगळीच्या बुडाच्या पोकळ कडेत भरलेले असते आणि रायफलची पिन ती कड चेचते. चेचलेली कड परत कामाला येत नाही. म्हणून घरात भरण्याची सगळी यंत्रे असलेला जर्मन नेमबाजही .२२ मात्र विकतच घेतो. इथे कोल्हापूरचा आणि म्युनिकचा खेळाडू एका पातळीवर येतात, निदान काडतुसापुरते तरी.

या प्रांतातली मोठी नावे तीनच, इंग्लंडची इली, फिनलंडच्या मुळाची लापुआ आणि जर्मनीची आरडब्ल्यूएस. आपल्याकडे ती आयात होऊन येतात, प्रामुख्याने राष्ट्रीय रायफल संघटनेमार्फत, आणि वर्षाला किती घ्यायची ते नेमबाजाच्या दर्जाप्रमाणे नियमात बांधलेले असते. ही संघटना १९५१ची. तिचे पहिले अध्यक्ष लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर, म्हणजे अहमदाबादेत रुजलेला मराठी माणूस. त्यांच्या नावाची स्पर्धा आजही राष्ट्रीय स्पर्धेच्या आधीची पायरी आहे. ग्वाल्हेरच्या मुलांना ‘मावळंकर’ हा शब्द ठाऊक असतो तो स्पर्धेमुळे. माणूस कोण हे विचारले की बहुतेक गप्प बसतात.

तीन मीटरचा फरक

आता जरा हिशेब. ५० मीटरच्या लक्ष्यावर दहाचे वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते, शर्टाच्या गुंडीएवढे. गोळी ५.६ मिलिमीटरची, आणि ती रेषेला टेकली तरी दहा मिळतात. म्हणजे गोळीचा मध्य लक्ष्याच्या मध्यापासून ८ मिलिमीटरच्या आत हवा. दशांशात गुण मोजतात तेव्हा दर ०.८ मिलिमीटरला एक दशांश जातो. १०.९ हवे असतील तर गोळीचा मध्य त्या पहिल्या ०.८ मिलिमीटरमध्येच पडला पाहिजे.

.२२ची गोळी नळीतून सेकंदाला साधारण ३२५ मीटर वेगाने निघते आणि ५० मीटर जायला तिला सेकंदाचा सहावा हिस्सा लागतो. तेवढ्या वेळात गुरुत्वाकर्षण तिला सुमारे १२ सेंटिमीटर खाली ओढते. दुर्बिणीसारख्या दिसणाऱ्या त्या मागच्या साइटने ते आधीच भरून काढलेले असते, पण सरासरी वेगापुरतेच. एखादी गोळी सेकंदाला तीनच मीटर मंद निघाली, म्हणजे एक टक्क्याहूनही कमी, तर ती लक्ष्यावर सव्वादोन मिलिमीटर खाली लागते. नेम अचूक, श्वास रोखलेला, चाप अलगद दाबलेला, आणि तरी जवळजवळ तीन दशांश गेले.

तीन दशांशांचे मोल काय ते १ ऑगस्ट २०२४ला दिसले. पॅरिस ऑलिंपिकची नेमबाजी शातोरू गावी झाली. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा, मध्य रेल्वेत तिकीट तपासणारा स्वप्नील कुसाळे ५० मीटर थ्री पोझिशनच्या अंतिम फेरीत ४५१.४ गुणांवर कांस्यपदक घेऊन थांबला. ४४ गोळ्यांत ४५१.४, म्हणजे गोळीमागे जेमतेम १०.२६. सुवर्ण जिंकणाऱ्या चिनी नेमबाजाची सरासरी १०.३०. या दोन आकड्यांमध्ये गोळीमागे अर्धा दशांशही नाही. माणसाच्या हाताचा आणि मनाचा वाटा त्यात सर्वांत मोठा, हे उघडच आहे. पण काडतुसाने आपल्या वाट्याची गडबड केली तर ती झाकायला जागा कुठे आहे?

नळीही थरथरते

काडतूस पेटले की पोलादी नळी बारीक कंप पावते आणि तिचे तोंड वरखाली होते. गोळी नेमकी कोणत्या क्षणी बाहेर पडते त्यावर ती कुठे जाणार हे ठरते. नळीचे तोंड वर जात असताना गोळ्या निघत असतील तर मंद गोळी किंचित उशिरा, म्हणजे किंचित वरच्या दिशेने सुटते, आणि तिची जास्तीची घसरण आपोआप भरून निघते. तोंड खाली येत असेल तर उलटे, चूक दुप्पट. प्रत्येक नळीची जाडी, लांबी, आट्यांचे काम थोडे वेगळे, म्हणून एकाच कारखान्यातून एकाच दिवशी निघालेल्या दोन रायफलींना एकच काडतूस सारखे मानवत नाही.

लॉटची परीक्षा

काडतुसाच्या डबीवर लॉट नंबर छापलेला असतो. एका लॉटमध्ये शिसे, दारू, कडेतले मिश्रण, गोळीवरचे मेण आणि यंत्राची बसवणूक एकच. पुढच्या लॉटला नाव आणि किंमत तीच, पण हे सारे अंमळ निराळे. तेव्हा ‘सगळ्यात चांगले काडतूस कोणते’ या प्रश्नाला अर्थ नाही. या नळीला या लॉटचे काडतूस बसते की नाही, एवढेच विचारता येते.

कंपन्यांनी त्यासाठीच परीक्षा केंद्रे उघडली आहेत. इलीचे बर्मिंगहॅमला, लापुआचे जर्मनीत शोनेबेकला. युरोपात स्पर्धेला गेलेला नेमबाज आपली रायफल घेऊन तिथे जातो. लाकडी दस्ता काढून नळीसकट यंत्रणा पक्क्या शिकंज्यात आवळतात आणि बंदिस्त बोगद्यातून ५० मीटरवर एकेका लॉटच्या दहा-दहा गोळ्या झाडतात. माणूस यातून पूर्ण बाजूला. पडद्यावर ग्रुप उमटतात आणि जो लॉट सर्वांत घट्ट आला त्याच्या पेट्या तिथेच राखून ठेवता येतात.

भोपाळ, पुणे किंवा ग्वाल्हेरच्या होतकरू पोरांना हे परवडणारे नाही. त्यांच्याकडे परीक्षा होते ती झोपून, वाळूच्या पिशव्यांवर, एका वेळी एक लॉट. तीही नीट केली तर पुष्कळ सांगून जाते. सकाळी वारा पडलेला असताना बसावे. लॉट बदलला की आधीच्या गोळ्यांचे मेण नळीत असते, म्हणून नव्या लॉटच्या निदान दहा-पंधरा गोळ्या मोजदादीबाहेर झाडून टाकाव्यात. कंपनीच बदलली तर याहून जास्त. मग चार ग्रुप दहा-दहाचे. कोणता लॉट आहे हे झाडणाऱ्याला न सांगता दुसऱ्याने काडतुसे हाती द्यावीत, हा माझा आग्रह आहे, कारण महागड्या डबीकडे पाहून चाप जास्त काळजीने दाबला जातो.

पुरवठ्याचे दुखणे असे की आपल्याकडे लॉट निवडायला ठेवलेले नसतात, जे आले ते आले. त्यावर क्लबांतून निघालेला तोडगा साधा आहे. चार-पाच जणांनी मिळून वेगवेगळ्या लॉटच्या डब्या घ्यायच्या, प्रत्येकाने परवान्याच्या हद्दीत आणि रेंजवरच, सगळ्यांच्या रायफलीतून त्या झाडून बघायच्या. एकाला नकोसा झालेला लॉट दुसऱ्याच्या नळीत चक्क नाचतो.

पाच गोळ्यांचा मोह

पाच गोळ्या एका भोकात गेल्या की माणूस फोटो काढतो आणि तो लॉट घेऊन टाकतो. गणित असे सांगते की त्याच काडतुसाचा दहा गोळ्यांचा ग्रुप पाचाच्या ग्रुपहून सरासरीने सव्वापट मोठा येतो. शिवाय पाचाचे ग्रुप आपसातही फार हेलकावतात. सरासरी १२ मिलिमीटरच्या लॉटने एकदा ९ दिले आणि लगेच १५ दिले, तर त्यात वावगे काहीच नाही. ९ वाला लॉट चांगला, १५ वाला वाईट असा निकाल देताना आपण पुष्कळदा एकच लॉट दोनदा मोजत असतो.

लॉट फार घट्ट असण्याचा अट्टहासही कुठे थांबवायचा ते कळावे. माणसाचा विखुरलेपणा आणि काडतुसाचा विखुरलेपणा यांची सरळ बेरीज होत नाही, वर्गांची होते. नेमबाज स्वतः १० मिलिमीटरमध्ये धरणारा असेल तर ८ मिलिमीटरच्या लॉटने एकूण १३च्या आत येतो आणि १४च्या लॉटने १७ ओलांडतो. हा फरक पदकाचा आहे. पण जो अजून ३० मिलिमीटरमध्ये हलतो त्याला तोच बदल ३१ वरून ३३ एवढाच जाणवेल. त्याने ते पैसे सरावात घालावेत. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने २०१० मध्ये म्युनिकच्या जागतिक स्पर्धेत प्रोन, म्हणजे पालथे झोपून नेम धरण्याच्या, प्रकारात ६०० पैकी ५९७ घेऊन सुवर्ण जिंकले, साठ गोळ्यांत तीन गुण सोडून. त्या पातळीवर दहाच्या बाहेर जाणारी एक गोळी कुणामुळे गेली, हा प्रश्न खरोखर महत्त्वाचा होतो.

मे आणि जानेवारी

ग्वाल्हेरचा उन्हाळा ४५ अंशांना शिवतो आणि जानेवारीची पहाट चार-पाच अंशांवर उतरते. तापलेली दारू जोरात जळते, गारठलेली मंद. गोळीवरचे मेण उन्हात पाघळते आणि थंडीत घट्ट बसते. हवेतला ध्वनीचा वेग ५ अंशांना सेकंदाला ३३४ मीटर, तर ४५ अंशांना ३५८च्या आसपास. आपली ३२५ची गोळी जानेवारीत ध्वनीच्या वेगाला अगदी खेटून धावते आणि त्या वेगाजवळ हवा तिला त्रास देते. म्हणून मे महिन्यात पास केलेल्या लॉटची थंडीत एकदा फेरपरीक्षा घ्यावी. आणि रेंजवर डबी उन्हात किंवा गाडीच्या डिकीत टाकू नये. सावलीत, झाकून, शक्य तर थर्मासच्या पेटीत.

छऱ्याचा डबा

बहुतेकांची सुरुवात मात्र १० मीटरच्या एअर रायफलने होते. तिला ठरावीक मर्यादेत परवाना लागत नाही आणि बंद गॅलरीत रेंज होते. तिच्यातही हाच खेळ लहान मापात चालतो. दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, आणि छऱ्याच्या डब्यावर डोक्याचे माप ४.४९, ४.५० किंवा ४.५१ मिलिमीटर असे लिहिलेले असते. सुमा शिरूरने २००४ मध्ये क्वालालंपूरला आशियाई स्पर्धेत ४०० पैकी ४०० घेतले ते याच प्रकारात. तीन मापांचे तीन डबे मागवून दहा-दहाचे ग्रुप घेतले की नळीला कोणते माप रुचते ते एका दुपारी कळते. मग त्याच लॉटचे जमतील तेवढे डबे घ्यावेत. झाकणावर जाड पेनने लॉट नंबर, माप आणि तारीख लिहावी. आणि सरावाच्या अर्धवट डब्यातले छरे स्पर्धेच्या डब्यात ओतायचे नाहीत, लॉट एकच असला तरी.