विश्लेषण : किनाऱ्यावर आलेले कासव समुद्रात का ढकलू नये?

पावसाळ्यात डहाणू, बोर्डीपासून तलासरी तालुक्यातील झाईपर्यंतच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले, हिरवी कासवे जखमी अवस्थेत वाहून येतात. अनेकजण चांगल्या हेतूने ती पुन्हा पाण्यात सोडतात. मात्र ते त्यांच्या जिवावर बेतू शकते.

कासव बुडते का?
हो. साप, पाल, मगरीप्रमाणे कासवही सरपटणारा प्राणी. त्याला कल्ले नसतात, ते फुप्फुसांनी श्वास घेते. जाळ्यात अडकून वर येता आले नाही, तर ते गुदमरते. असे निपचित कासव मेलेले वाटले, तरी जिवंत असू शकते.

नुसते तरंगते, म्हणजे काय?
फुप्फुसांत संसर्ग किंवा पोटात वायू साठला की कासवाला बुडी मारता येत नाही. मग अन्न मिळत नाही, अशक्तपणा वाढतो आणि लाटा त्याला किनाऱ्यावर आणून टाकतात. परत ढकलल्यास हेच पुन्हा घडते.

तापमान महत्त्वाचे का?
सरपटणारे प्राणी शरीराची उष्णता बाहेरून मिळवतात. थंडीत त्यांचे पचन मंदावते, कडक उन्हात जीव धोक्यात येतो. समुद्री कासवाच्या अंड्यातून नर निघणार की मादी, हेही वाळूच्या तापमानावर ठरते. वाळू अधिक उष्ण असेल, तर माद्या जास्त.

काय करावे?
कासवाला सावलीत ठेवा, पाठीवर ओले फडके टाका. नाकपुड्या मोकळ्या ठेवा. पाणी पाजू नका. वन विभागाच्या १९२६ क्रमांकावर कळवा. डहाणूतच समुद्री कासवांचे उपचार केंद्र आहे. बरे झाल्यावर समुद्र त्याचाच आहे.