परसांतील कोंबड्या व रानपांखरें

वऱ्हाडांत कापूस व तूर यांचा हिशेब घरधनी ठेवतो. परसांतील दहा-पांच कोंबड्यांचा हिशेब बहुधा घरधनीण ठेवते. मीठ-मिरची, मुलांच्या वह्या, आठवडी बाजाराचा किरकोळ खर्च हा पुष्कळ घरीं अंड्यांवरच भागतो. म्हणून खुराड्यांत रोग शिरला म्हणजे होणारें नुकसान सातबाऱ्यावर दिसत नसलें, तरी चुलीवर दिसतें. या रोगांची एक वाट रानपांखरांवरून येते. तिच्याविषयीं चार गोष्टी येथें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

पांखरें परसांत येतात तीं दाणा, पाणी व आसरा या तिहींसाठीं. चिमण्या, साळुंक्या, होले व पारवे सांडलेली ज्वारी व कणी टिपतात. कावळा अंड्यांवर व मेलेल्या पिलांवर टपलेला असतो. बगळे उकिरड्यावरील किडे वेंचतात. हिंवाळ्यांत आपल्या यवतमाळ जिल्ह्यांतील बेंबळा, इसापूर इत्यादि जलाशयांवर उत्तरेकडील बदकें उतरतात. तीं परसांत येत नाहींत हें खरें. परंतु त्याच पाण्यावर बसणारे कावळे-बगळे गांवांत येतात, हा दुवा ध्यानांत ठेवावा.

मानमोडी म्हणजे राणीखेत हा रोग आपल्या देशांत १९२७ सालीं राणीखेत येथें प्रथम आढळला, म्हणून त्यास तें नांव पडलें. धाप, हिरवट हगवण व वांकडी मान हीं त्याचीं लक्षणें. होले-पारवे तो रोग वाहून आणूं शकतात. दुसरा रोग बर्ड फ्लू. त्याचा विषाणु पाणपक्ष्यांच्या आंतड्यांत राहतो व पुष्कळदां त्या पक्ष्यांस कांहींच होत नाहीं. विष्ठेवाटे पडलेला हा विषाणु थंड पाण्यांत अनेक दिवस टिकतो. कडक उन्हांत व कोरड्या जागीं लवकर मरतो. हिंवाळ्यांत धोका अधिक, त्याचें हें एक कारण.

ही गोष्ट दूरच्या मुलखाची नव्हे. फेब्रुवारी २००६ मध्यें नंदुरबार जिल्ह्यांतील नवापूर येथें देशांतील कोंबड्यांमध्यें बर्ड फ्लू प्रथम आढळला. जानेवारी २०२१ मध्यें परभणी जिल्ह्यांतील मुरुंबा गांवीं सुमारें ८०० कोंबड्या दगावल्या. जानेवारी २०२५ मध्यें उदगीर येथें कावळे मेले, आणि त्याच सुमारास नागपूरच्या गोरेवाडा येथें तीन वाघ व एक बिबट्या याच रोगानें गेले.

तथापि सर्व दोष पांखरांच्या माथीं मारणें न्यायाचें नाहीं. बाजारांतून आणलेली कोंबडी, व्यापाऱ्याचा पिंजरा व माणसाचीं पायताणें यांवरूनही रोग येतो. शिवाय पांखरें मारून किंवा विष घालून उपाय होत नाहीं; दाणा पडलेला असेल तोंवर दुसरीं येतातच. मोरास मारणें तर १९७२ च्या वन्यजीव कायद्यानें गुन्हा आहे.

आतां उपाय. दाणा अंगणांत न फेंकतां छपराखालीं घमेल्यांत द्यावा, व उरलेला लगेच उचलावा. पाणी विहिरीचें किंवा नळाचें द्यावें. भांडें रोज घांसावें. नाल्याचें पाणी पाजूं नये. खुराड्यास चिमणी न शिरेल अशी बारीक जाळी लावावी. बगळ्यांच्या वस्तीच्या झाडाखालीं खुराडें नसावें. बदकें व कोंबड्या एकत्र ठेवूं नयेत. नवी कोंबडी दोन-तीन आठवडे वेगळी बांधावी.

कोणी म्हणेल, गांवठी कोंबडी चरूनच जगते. तिला कोंडून कसें चालेल? तें रास्त आहे. एरवीं तिला चरूं द्यावें. दाणा-पाणी मात्र आंतच द्यावें. आसपास कावळे मरूं लागले म्हणजे तितके दिवस कोंडावें. मानमोडीसाठीं पिलांस पांचव्या ते सातव्या दिवशीं लासोटा लशीचा थेंब डोळ्यांत घालावा, व सुमारें आठव्या आठवड्यांत टोंचणी करून घ्यावी. बर्ड फ्लूवर गांवकऱ्यांच्या हातीं अशी लस नाहीं. तेथें जाळी व झाडू हीच लस समजावी.

एकाएकीं कोंबड्या मरूं लागल्यास त्या उघड्या हातानें धरूं नयेत, विकूं नयेत, आणि नाल्यांत तर मुळींच टाकूं नयेत. कावळे तेंच खाऊन रोग पुढच्या गांवीं नेतात. ग्रामपंचायतीस व पशुवैद्यकीय दवाखान्यास तत्काळ वर्दी द्यावी. २००९ च्या कायद्यानें ही वर्दी देणें मालकावर बंधनकारक आहे. रोगाची अखेरची खात्री भोपाळच्या प्रयोगशाळेंत होते.

महसूल खात्यांत पंचनामे लिहितां लिहितां आमचे केस पिकले. पंचनाम्यांत जें मोजलें गेलें तेंच पुढें मिळतें, हा आमचा अनुभव. रोग ठरल्यावर सरकार ज्या जिवंत कोंबड्या नष्ट करतें त्यांचीच भरपाई देतें; आधीं मेलेल्यांची देत नाहीं. म्हणजे जो चार दिवस लपवितो तो आपल्या कोंबड्या गमावतो, भरपाईही गमावतो, आणि शेजाऱ्याचें खुराडें रिकामें करतो. वर्दी देण्यास पैसा लागत नाहीं. ती वेळेवर द्यावी, इतकेंच आमचें सांगणें आहे.