पावसाळ्यातली खाडी

गेल्या मे महिन्यात एका ग्रंथालयात चार दिवस बसून मी एम.एफ.एस्सी.चे प्रबंध चाळले. दिवाळी अंकासाठी मत्स्यशेतीतल्या पदव्युत्तर संशोधनाचा आढावा लिहायचं कबूल केलं होतं, म्हणून वही घेऊन प्रत्येक प्रबंधातली एकच गोष्ट टिपत गेलो: प्रयोग कधी सुरू झाला आणि कधी संपला. नोव्हेंबर ते जानेवारी. डिसेंबर ते फेब्रुवारी. साठ दिवस, फायबरच्या टाक्या, रोहूची किंवा चिलापीची बोटुकली, खाद्यात कसली तरी पूड टक्क्या-अर्ध्या टक्क्याने वाढवत नेलेली. चौथ्या दिवशी संध्याकाळी वही बंद केली तेव्हा तिच्यात जुलै महिना फक्त दोनदा आला होता. ज्या किनाऱ्यावर चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो, तिथल्या मत्स्यविज्ञानाच्या कपाटात पाऊसच नव्हता.

शिकायच्या वाटा कमी आहेत म्हणून असं होतं, असं कुणी म्हणू नये. वाटा भरपूर आहेत. मंगळूरला 1969मध्ये देशातलं पहिलं मत्स्यमहाविद्यालय निघालं. आपल्याकडे रत्नागिरीजवळ शिरगावला 1981मध्ये निघालं आणि पुढे नागपूर व उदगीर इथलीही आली. वर्सोव्याची केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था 1961ची. 1989पासून तिला विद्यापीठाचा दर्जा आहे आणि पदव्युत्तर व पीएच.डी.साठी देशभरातली मुलं तिथे येतात. भुवनेश्वरला गोड्या पाण्याची, चेन्नईला निमखाऱ्या पाण्याची, कोचीला सागरी अशा राष्ट्रीय संस्था आहेत. बाहेर जायचं तर स्कॉटलंडमध्ये स्टर्लिंग आहे, बेल्जियममध्ये गेंट आहे, नॉर्वे आहे. परीक्षा, शिष्यवृत्त्या, तारखा हे सगळं आजच्या मुलांना माझ्याहून चांगलं ठाऊक असतं. त्यात मी जागा घालवत नाही.

गोड्या पाण्यातल्या कार्पबद्दलही थोडक्यातच लिहितो, कारण तिथे फारसं भांडण नाही. 10 जुलै 1957 रोजी ओडिशात हिरालाल चौधुरींनी पीयूषिका ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन कार्प माशांचं प्रजनन घडवलं आणि नदीतून बीज गोळा करण्याची सक्ती संपली. नंतर नॉर्वेच्या मदतीने निवड पद्धतीने सुधारलेला जयंती रोहू आला. 2022-23मध्ये देशाचं मत्स्योत्पादन 175 लाख टनांवर गेलं, त्यातला तीनचतुर्थांश वाटा समुद्राबाहेरचा. हे त्या इंजेक्शनचं फळ आहे. कोळंबीची गोष्टही सर्वांना पाठ आहे: नव्वदच्या दशकातली लाट, पांढऱ्या ठिपक्यांचा रोग, डिसेंबर 1996चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, 2005चा किनारी मत्स्यशेती प्राधिकरणाचा कायदा, 2009नंतर व्हेनामी. रोगनिदान आणि खाद्य यांवर आज जे संशोधन होतं त्यातलं बरंचसं या एका प्राण्याभोवती फिरतं. फिरू दे. त्याला पैसा आहे, निर्यात आहे, त्याची काळजी घेणारे पुष्कळ आहेत.

माझा जीव कालवांत आहे.

चाळीस वर्षांपूर्वी पहिल्यांदा खाडीत उतरलो तो एका कोळणीच्या मागून. भांगाची ओहोटी होती, पाणी फार उतरलं नव्हतं, म्हणून ती कुरकुरत होती. तिच्या हातात लहानशी कोयती. खडकाला चिकटलेल्या कालवाच्या वरच्या शिंपल्यावर तिने टोकाने एक ठोका दिला, कड उचकटली, आतला मऊ राखाडी गोळा बोटाने अलगद काढून वाटीत टाकला. खालचा शिंपला खडकावरच राहिला. मी विचारलं, तो का नाही काढत? ती म्हणाली, "त्याच्यावर पोरं बसतात." नंतर मी पुस्तकांतून शिकलो की कालवाची अळी दोन-तीन आठवडे पाण्यात पोहते, मग कठीण जागा शोधते, डाव्या शिंपल्याने तिला कायमची चिकटते, आणि जुन्या कालवाच्या शिंपल्याकडे तिची ओढ सर्वांत जास्त असते. त्या बाईने ते एका वाक्यात सांगितलं होतं. पुढे जे काही शिकवलं त्याची सुरुवात मी त्या वाक्याने केली.

कालवाला खाद्य लागत नाही. ज्या खाद्याच्या पुडीवर शेकडो प्रबंध झाले, त्या पुडीची इथे गरजच नाही. भरतीचं पाणी येतं, त्यातल्या सूक्ष्म वनस्पती ते गाळून घेतं आणि वाढतं. शिनाण्यांचंही तेच. केरळात कासारगोडकडे पडन्ना भागात नव्वदच्या दशकाच्या मध्यापासून कोचीच्या संस्थेच्या तंत्राने शिनाण्यांची शेती उभी राहिली. बांबूच्या मांडणीवरून दोर सोडायचे, सुती जाळीत बीज गुंडाळायचं, जाळी कुजेपर्यंत पिल्लं दोराला धरतात, आणि पाच-सहा महिन्यांत, पाऊस येऊन पाणी गोडं होण्याआधी, काढणी. बचतगटांच्या बायकांनी ती शेती वाढवली. अष्टमुडी सरोवरातल्या तिसऱ्यांच्या मासेमारीला 2014मध्ये शाश्वत मासेमारीचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालं, देशातलं पहिलं. आपल्याकडे तिसऱ्या कमी आहेत का? भाट्याच्या, काळबादेवीच्या, जयगडच्या खाडीत ओहोटीला वाकलेल्या बायका मी जन्मभर पाहत आलो आहे.

आणि आपण मागून सुरुवात केली असंही नाही. केळव्याच्या खाडीतल्या कालवांवर दुर्वे आणि बाळ यांनी साठच्या दशकात जे काम केलं, ते आजही वाचताना हात जोडावेसे वाटतात. वर्षभर, महिन्यामागून महिना, कालवाच्या जननग्रंथी तपासायच्या, पाण्याची क्षारता मोजायची, दोन्हींचा संबंध लावायचा. वर्षभर म्हणजे जुलै-ऑगस्टसकट. रत्नागिरीला 1958पासून सागरी जीवशास्त्राचं संशोधन केंद्र आहे. तिथल्या जुन्या मंडळींनीही शिंपलावर्गाकडे मनापासून पाहिलं. ती पिढी गमबूट घालून उतरायची. यंत्रं फार नव्हती, वह्या होत्या.

त्याही आधीचं एक उदाहरण सांगायचा मोह आवरत नाही. मुंबईच्या आसपासच्या निमखाऱ्या पाण्यात जेमतेम दोन सेंटिमीटरचा, काचेसारखा पारदर्शक मासा असतो. सी. व्ही. कुलकर्णींनी 1940मध्ये त्याचं वर्णन केलं आणि हॉरा व सेटना या दोघांच्या नावांवरून त्याला 'होराइक्थिस सेटनाय' हे नाव दिलं. या माशाचा नर शुक्राणूंची गाठोडी मादीला चिकटवतो, आणि मादी फलित अंडी घालते. इतक्या लहान जिवात इतकी गुंतागुंत. हेच कुलकर्णी पुढे राज्याच्या मत्स्यखात्याचे संचालक झाले, आणि सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला लोणावळ्याला दख्खनी खडसाच्या, म्हणजे महासीरच्या, कृत्रिम प्रजननाला त्यांनी हात घातला. टाटांच्या वळवण धरणाजवळच्या त्या बीजकेंद्रातून महासीरचं बीज देशात कुठे कुठे गेलं. महाडजवळ वाळणकोंडीत देवीच्या नावाने ज्या माशाला कुणी हात लावत नाही, त्या माशाची अंडी कधी, किती, कशी पडतात हे लोकांना त्यांच्यामुळे कळलं. साहेब माणूस होता, तरी डोहाच्या काठावर बसला.

आता माझ्या आयुष्यातली एक गोष्ट. वीसेक वर्षं झाली असतील. माझ्याकडे एक विद्यार्थिनी होती, घाटावरची. खाडी तिने आधी पाहिलेलीही नव्हती. कालवाचं बीज कुठे आणि कधी बसतं हा विषय तिने स्वतः मागून घेतला. मे महिन्याच्या अखेरीस आम्ही खाडीच्या तोंडापासून आतपर्यंत सहा ठिकाणी बांबूच्या मांडण्या ठोकल्या. प्रत्येकीवर टोपलीत मोठी जिवंत कालवं, शेजारी रिकाम्या शिंपल्यांच्या माळा. दर पंधरवड्याला माळ उतरवायची, भिंगाखाली एकेक शिंपला फिरवून पाहायचा. जून ठीक गेला. जुलैच्या मध्यावर तीन दिवस धो धो पाऊस लागला आणि आतल्या तीन मांडण्या वाहून गेल्या. चौथ्या दिवशी होडीतून गेलो तर उरलेल्यांपैकी सर्वांत आतल्या टोपलीतली कालवं उघडी पडलेली, आत चिखल, वास मारत होता. तोंडाजवळची मात्र घट्ट मिटून बसलेली. तिने दोन्ही टोपल्यांपाशी क्षारता मोजली, मेलेली आणि जिवंत कालवं मोजली, पावसात वही पोटाशी धरून लिहून घेतलं. गणपती गेल्यानंतरच्या फेरीत तोंडाजवळच्या माळेवर मोहरीएवढे पांढरे ठिपके दिसले. नवं बीज. ती रडली होती, मला आठवतं.

ते काम समितीपुढे गेलं तेव्हा सांगण्यात आलं की तीन पुनरावृत्त्या नष्ट झाल्याने प्रयोगाची सांख्यिकीय मांडणी मोडली आहे, तेव्हा विषय बदलावा. मी भांडलो. पूर येऊन मांडणी मोडते तेव्हाच तर कळतं की या खाडीत कालवाची शेती कुठपर्यंत करता येईल आणि कुठून पुढे नाही. माझं चाललं नाही. मुलीची मुदत संपत होती. तिने डिसेंबर ते फेब्रुवारी टाक्यांत साठ दिवसांचा खाद्यप्रयोग केला, तिला पदवी मिळाली, चांगली नोकरीही लागली. जुलैची वही माझ्याकडे राहिली. तो निर्णय चूक होता असं मला तेव्हाही वाटत होतं, आजही वाटतं, आणि समितीसमोर मी आणखी दोन दिवस ठाण मांडायला हवं होतं हेही.

काही मित्र म्हणतात, हे काम म्हणजे जुन्या धाटणीचं निसर्गनिरीक्षण; आजचं संशोधन जनुकांचं, बायोफ्लॉकचं, बंदिस्त फिरत्या पाण्याच्या यंत्रणेचं. एका परिसंवादात तर व्यासपीठावरून सांगितलं गेलं की महाराष्ट्राचं भवितव्य टाकीत आहे. मला जनुकशास्त्राचं वावडं नाही. आपल्या खाड्यांत कालवांच्या नेमक्या किती जाती मिसळून बसल्या आहेत, हे शिंपल्याच्या आकारावरून ठरवताना भले भले चुकले आहेत, आणि तिथे डी.एन.ए.च काम करेल. पण नमुना कुणीतरी खाडीतून आणावा लागतो. टाकीबद्दल म्हणाल तर ताडपत्रीच्या हौदांत कर्ज काढून मासे सोडलेले तरुण मी गावोगाव पाहिले आहेत. रात्री वीज गेली, हवा देणारा पंप थांबला, की फ्लॉकने भरलेल्या पाण्यातला प्राणवायू पाहता पाहता संपतो आणि सकाळी सगळा माल तरंगलेला असतो. अशा एका मुलाच्या आईने मला विचारलं होतं, "हे शिकवणाऱ्यांनी आधी स्वतः केलं होतं का?" त्या प्रश्नावर एखाद्या विद्यार्थ्याने प्रबंध लिहावा: किती हौद सुरू झाले, किती दोन वर्षांत बंद पडले, का पडले. मत्स्यविस्तार आणि अर्थशास्त्र हेही विषय आहेत आपल्याकडे, पण हुशार मुलं त्यांना दुसऱ्या पसंतीला ठेवतात.

करण्यासारखं एवढं पडलं आहे की मन अस्वस्थ होतं. कालवाचं नि शिनाण्यांचं बीज आपण अजून बहुतेक निसर्गातूनच वेचतो. बीजगृहात अळ्या वाढवायच्या तर आयसोक्रायसिस, कीटोसेरॉस यांसारख्या सूक्ष्म शैवालांचं ताजं पीक रोज हाताशी लागतं, आणि कोकणातल्या दमट उकाड्यात ते पीक न बिघडता टिकवणं हाच एक प्रबंध आहे. खाडीकाठच्या वाढत्या वस्तीचं सांडपाणी कालवात साठतं. कालव स्वच्छ पाण्यात दीड-दोन दिवस ठेवून शुद्ध करण्याची स्वस्त, बचतगटाला परवडेल अशी सोय बसवून दाखवणं हा दुसरा. आपल्या घरांत तिसऱ्या रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवून रेती काढायला लावतात; त्याने रेती जाते, जंतूंचं काय होतं ते कुणी नीट मोजावं. खाजणांचा तिसरा. बांध, उघाडी, पावसाळ्यात भात आणि नंतर कोळंबी-मासे, ही गोव्यापासून कोकणापर्यंतची जुनी व्यवस्था बांध फुटून फुटून खारफुटीखाली जाते आहे. जुन्या उघाडीतून कुठल्या महिन्यात कोणती पिल्लं आत येतात हे सांगणारी म्हातारी माणसं आता बोटांवर मोजण्याइतकी उरली. आणि पूर्व विदर्भातल्या माजी मालगुजारी तलावांत ढिवर बांधवांना ठाऊक असलेल्या देशी माशांचा चौथा. तिथेही बाहेरून सोडलेल्या कार्पच्या गर्दीत स्थानिक जाती मागे पडल्या.

यातलं एकही काम साठ दिवसांत होत नाही. एम.एफ.एस्सी.ची दोन वर्षं, त्यातले अभ्यासक्रमाचे महिने वजा केले तर उरतो जेमतेम एक पावसाळा. तो एक पावसाळा विद्यार्थ्याला द्या, एवढंच मी प्रत्येक मार्गदर्शकाला सांगत आलो. पूर आला तर पुराचं मोजमाप प्रबंधात येऊ द्या. आमच्या वेळी वरिष्ठ स्वतः होडीत बसायचे, विद्यार्थी भिजला तर तेही भिजायचे. आता माझ्या ओळखीचे कितीतरी चांगले प्राध्यापक सकाळपासून संध्याकाळपर्यंत संगणकावर प्रस्ताव आणि अहवाल भरत बसलेले असतात. त्यांचा दोष नाही. पण खाडीला त्यांची सवय राहिली नाही, आणि त्यांना खाडीची.

ती जुलैची वही मी जपून ठेवली आहे. पानं फुगली आहेत, शाई दोन ठिकाणी पसरली आहे, पण आकडे वाचता येतात. सहा मांडण्यांच्या जागा त्यात नकाशासकट आहेत. त्यांतल्या चार आजही जशाच्या तशा सापडतील. ज्याला तिथे पुन्हा मांडण्या ठोकायच्या असतील त्याने घेऊन जावी. आणि जमलं तर मे संपायच्या आत त्या कोळणीच्या सुनेला भेटावं. सासूनंतर आता तीच त्या खडकांवर जाते. खालचा शिंपला तीही काढत नाही. एकदा पाऊस लागला की ती कालवांना हात लावत नाही, मग थेट दिवाळीनंतर.