बकरं न कापता मटण: कोल्हापूरकर खाणार का?

रविवारी सकाळी साडेआठला मटणाच्या दुकानासमोर रांगेत उभा होतो. वेळ जावा म्हणून मोबाइलवर प्रयोगशाळेत वाढवलेल्या मांसाची बातमी वाचत होतो. पुढच्या काकांनी डोकावून विचारलं, "काय वाचतोयस एवढं?" मी सांगितलं की बकरं न कापता, त्याच्या पेशी टाकीत वाढवून मटण तयार करतात. काका क्षणभर थांबले आणि म्हणाले, "मग त्यात नळी असती काय?"

तेव्हा मी हसण्यावारी नेलं. नंतर दोन-तीन आठवडे या विषयावर सापडेल ते वाचत गेलो, तेव्हा कळलं की काकांनी नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं होतं. लोक हे मांस खातील का, यावर जगभर सर्वेक्षणं झाली आहेत. त्यातली बरीचशी किळस, भीती आणि 'हे नैसर्गिक नाही' या भावनेभोवती फिरतात. आपल्याकडे किळस हा मुख्य अडथळा असेल असं मला वाटत नाही. जो माणूस रक्ती-मुंडी आणि वजडी आवडीने खातो, तो स्वच्छ टाकीला का घाबरेल? आपला अडथळा ताटात काय येतं, किती रुपयांना येतं आणि ते कशावर वाढलं, इथे आहे.

मांस बनतं कसं?

जिवंत बोकडाच्या स्नायूतून अगदी छोटा तुकडा काढतात. बोकड मरत नाही, जखम भरून येते. त्या तुकड्यात काही पेशी अशा असतात की स्नायूची डागडुजी करणं हेच त्यांचं काम. जिममधून आल्यावर तुमच्या-माझ्या दंडात ज्या कामाला लागतात, त्याच जातीच्या. या पेशी वेगळ्या करून पोषक द्रवात ठेवल्या की एकीच्या दोन, दोनाच्या चार होत जातात. द्रवात साखर, अमिनो आम्लं, क्षार, जीवनसत्त्वं असतात, आणि पेशींना 'आता वाढा' असा निरोप देणारी काही प्रथिनंही. संख्या पुरेशी झाली की द्रवाची रेसिपी बदलून पेशींना स्नायूचे तंतू बनायला लावतात.

हे सगळं स्टीलच्या बंद टाकीत चालतं. तिला बायोरिअॅक्टर म्हणतात. दिसायला ती बिअरच्या कारखान्यातल्या टाकीसारखी असते, पण काम जास्त कटकटीचं. यीस्ट राकट असतं, प्राण्याची पेशी नाजूक. बोकडाच्या अंगात रोगप्रतिकारशक्ती असते, टाकीत ती नाही. एखादा जिवाणू आत शिरला तर तो स्नायूच्या पेशींपेक्षा कितीतरी वेगाने वाढतो आणि अख्खी बॅच फेकून द्यावी लागते. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात डेमो चालणं आणि प्रॉडक्शनमध्ये चालणं यात जे अंतर असतं, तेच इथे आहे.

डेमो तर कधीच झाला. 5 ऑगस्ट 2013 ला लंडनमध्ये नेदरलँड्सच्या मास्ट्रिख्ट विद्यापीठातले प्राध्यापक मार्क पोस्ट यांनी असा पहिला बर्गर कॅमेऱ्यासमोर सादर केला. गाईच्या पेशींपासून वाढवलेले सुमारे 20 हजार बारीक तंतू एकत्र करून तो बनवला होता. खर्च अडीच लाख युरोच्या घरात, आणि पैसा गूगलच्या सर्गेई ब्रिन यांचा. मांसाला लाल रंग नव्हता म्हणून बीटाचा रस आणि केशर घालावं लागलं. चाखणाऱ्यांचं म्हणणं असं, की चावताना मांसासारखं लागतं, पण चरबी नसल्यामुळे रसाळपणा कमी आहे.

नळीचा प्रश्न

बर्गरच का केला, अख्खा तुकडा का नाही? कारण रक्तवाहिन्या. जिवंत शरीरात प्रत्येक पेशीच्या अगदी जवळून केसाहून बारीक रक्तवाहिनी गेलेली असते. तिच्यापासून साधारण 0.2 मिलिमीटरहून लांब असलेल्या पेशीला पुरेसा प्राणवायू पोचत नाही आणि ती मरते. टाकीत रक्तवाहिन्या नाहीत. त्यामुळे पातळ थर, तंतू, गोळा हे जमतं. जाड तुकडा हवा असेल तर पेशींना धरून बसायला खाण्याजोगा सांगाडा द्यावा लागतो आणि द्रव आतपर्यंत खेळवावा लागतो. त्यावर काम चालू आहे, पण ते महागडं आहे.

आणि हाड? हाड, कुर्चा, मगज, चरबी या सगळ्या वेगवेगळ्या जातीच्या पेशी. त्या एकाच तुकड्यात आपापल्या जागी वाढवणं म्हणजे जवळजवळ अवयव बनवण्यासारखं आहे.

आता आपल्या स्वयंपाकघरात या. कोल्हापुरी जेवणाचा पाया मटणाचा तुकडा नाहीच, पाया आहे अळणी. आलं-लसूण, हळद, मीठ लावून मटण शिजवायचं, हाडांतला अर्क पाण्यात उतरू द्यायचा, मग त्याच पाण्याचे दोन रस्से. एकात नारळाचं दूध, काजू, खसखस, दुसऱ्यात कांदा-लसूण चटणी आणि तर्री. वाटीला ओठ लावल्यावर जो किंचित चिकटपणा जाणवतो, तो हाडं आणि सांधे यांतल्या कोलॅजनचं शिजून जिलेटिन झाल्यामुळे. टाकीतल्या पेशींत ते फार थोडं. म्हणजे उद्या कुणी एक किलो टाकीतलं मटण आईच्या हातात दिलं तर सुकं होईल, पण पांढरा रस्सा पांचट होईल.

खिमा, मोमो, सीख कबाब, कटलेट यांत मात्र हाड लागत नाही, आणि मांसाचा आकार कुणी बघत नाही. माझा अंदाज असा, की हे मांस आपल्याकडे आलं तर ताराबाई पार्कातल्या एखाद्या कॅफेतून येईल, घरच्या रविवारातून नाही.

520 रुपयांची आठवण

पैशाचं बोलूया. 2019 च्या अखेरीस कोल्हापुरात मटणाचा दर किलोला सहाशेच्या आसपास गेला आणि शहर पेटलं. कसबा बावड्यातून सुरुवात झाली. बहिष्कार, कृती समिती, बैठका, दुकानं बंद. बाहेरच्या लोकांनी थट्टा केली, पण इथे तो अगदी गंभीर विषय होता. शेवटी 520 रुपयांवर तडजोड झाली. ज्या गावात मटणाच्या दरासाठी आंदोलन होतं, तिथे नव्या मांसाला पहिला प्रश्न काय विचारला जाईल हे सांगायला सर्वेक्षण नको.

सिंगापूरने डिसेंबर 2020 मध्ये जगात सगळ्यात आधी असं चिकन विकायला परवानगी दिली. मे 2024 मध्ये तिथल्या एका मांसविक्रेत्याकडे 'गुड मीट 3' हे पाकीट आलं: 120 ग्रॅम, 7.20 सिंगापूर डॉलर. तेव्हाच्या भावाने साडेचारशे रुपये धरा, म्हणजे किलोला 3,700 च्या पुढे. आपल्या 520 च्या सात पट. आणि आता गंमत बघा: नावातला 3 हा आकडा म्हणजे त्यात टाकीत वाढवलेलं चिकन 3 टक्के. बाकी बहुतांश वनस्पतीची प्रथिनं. याला मांस म्हणायचं की मांसाची फोडणी, तुम्हीच ठरवा.

श्रावणात चालेल का?

घरी हा विषय काढला तेव्हा आईचा पहिला प्रश्न हा होता. सोमवार, शनिवार, एकादशी पाळणाऱ्या घरात तो येणारच. आषाढात त्र्यंबोलीच्या यात्रेला पंचगंगेचं नवं पाणी वाहून गल्लोगल्ली मटणाची जेवणं उठतात आणि पुढच्याच महिन्यात तीच माणसं कडक श्रावण पाळतात. बाबांनी "मटण ते मटण" म्हणून निकाल दिला. आईचं म्हणणं, जीव गेलाच नाही तर दोष कसला? वाद मिटला नाही. पण माझ्या लक्षात आलं की जीव न घेण्याचा मुद्दा मांस न खाणाऱ्या माणसाला पटवतोच असं नाही. कित्येकांचा नकार हत्येला नसतो, त्या पदार्थालाच असतो. ज्याच्या घरात अंडंही येत नाही, त्याला टाकी दाखवून उपयोग काय?

आईचं वाक्य जिथे अडखळतं ती जागा वेगळीच आहे, आणि जाहिरातीत ती सांगत नाहीत. पेशी वाढवायच्या द्रवात वर्षानुवर्षं 'फीटल बोवाइन सीरम' वापरत आले आहेत. कत्तलखान्यात गाभण गाय कापली गेली की तिच्या पोटातल्या वासराच्या रक्तापासून ते मिळतं. सिंगापूरमध्ये 2020 ला मंजूर झालेल्या चिकनच्या प्रक्रियेतही ते थोड्या प्रमाणात होतं. म्हणजे बोकड वाचला, पण गाय आणि वासरू गेलं. ही एक ओळ आपल्याकडे बाहेर आली की कुठल्याही कंपनीचा बाजार संध्याकाळपर्यंत उठेल, आणि तो राग चुकीचा म्हणता येणार नाही. जानेवारी 2023 मध्ये त्याच कंपनीला सीरमविना वाढवलेल्या मांसाची परवानगी मिळाली. इतरही कंपन्या त्याच दिशेला जात आहेत. पण ग्राहक म्हणून मला पाकिटावर हे स्पष्ट लिहिलेलं हवं.

मुस्लिम ग्राहकांसाठी प्रश्न हलालचा. फेब्रुवारी 2024 मध्ये सिंगापूरच्या फतवा समितीने सांगितलं, की पेशी हलाल जनावराच्या असतील आणि प्रक्रियेत निषिद्ध काही नसेल तर असं मांस चालू शकतं. म्हणजे तिथेही गाडी पुन्हा 'कशावर वाढवलं' याच स्टेशनवर थांबते.

सर्वेक्षणाचंही सांगतो. 2019 मध्ये अमेरिका, भारत आणि चीन मिळून तीन हजारांवर लोकांना विचारलं गेलं. असं मांस घेण्याची दाट शक्यता आहे म्हणणारे अमेरिकेत सुमारे 30 टक्के होते, भारत आणि चीनमध्ये त्याहून बरेच जास्त. वाचून बरं वाटतं, पण भारतातून उत्तरं देणारे मुख्यतः शहरी, शिकलेले, इंटरनेटवरचे लोक होते. शिवाय प्रश्नात शब्द होता 'क्लीन मीट'. त्याच मांसाला 'लॅबमधलं' म्हटलं की लोकांचं मत खाली येतं, हे दुसऱ्या अभ्यासात दिसलेलं आहे. मराठीत आपण सरळ 'प्रयोगशाळेतलं मांस' म्हणतो. कंपन्यांना आवडणार नाही, पण निदान लपवाछपवी नाही.

भारतात काय चाललंय?

थोडक्यात: संशोधन आहे, विक्री नाही. मुंबईच्या आयसीटीने 2019 मध्ये गुड फूड इन्स्टिट्यूटसोबत अशा मांसाच्या संशोधन केंद्राची घोषणा केली. मुंबईचीच बायोक्राफ्ट फूड्स चिकनवर काम करते आहे. जानेवारी 2024 मध्ये कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने नीट मीट या कंपनीशी करार केला, पापलेट आणि सुरमईसारख्या महागड्या माशांसाठी. मासा निवडला हे शहाणपणाचं वाटतं: दर आधीच चढे, आणि काटा नसलेली सुरमई मिळाली तर तक्रार कोण करणार? विकायचं झालं तर मंजुरी एफएसएसएआयची लागेल. ती हा लेख लिहीपर्यंत कुणाला मिळालेली नाही. उलट दिशेनेही वारं आहे: इटलीने 2023 मध्ये आणि अमेरिकेतल्या फ्लोरिडाने 2024 मध्ये अशा मांसावर सरळ बंदी घातली, मुख्यतः पशुपालकांच्या बाजूने.

आपल्याकडे तो पशुपालक म्हणजे हजार गाईंचा मालक नव्हे. 2019 च्या पशुगणनेत महाराष्ट्रात एक कोटीहून जास्त शेळ्या होत्या. शेळीला गरिबाची गाय म्हणतात ते उगीच नाही. जमीन नसलेल्या घरात ती एटीएमसारखी असते: दवाखाना आला, शाळेची फी आली की एक बोकड बाजारात जातो. टाकीतलं मांस स्वस्त झालं तर पहिला फटका याच घरांना बसेल. पर्यावरणाचं गणित अमेरिकेतल्या गोमांसाशी तुलना करून मांडतात. माळावर चरणाऱ्या शेळीला ते जसंच्या तसं लावता येत नाही, कारण टाकीला चोवीस तास वीज लागते.

परवा रांगेत काका पुन्हा भेटले. त्यांना हे सगळं सांगितलं, 3 टक्क्यांचंही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "खिम्यात चालंल की," म्हणाले, "पण पाहुणे आले तर न्हाई वाढायचं." तेवढ्यात त्यांचा नंबर आला आणि त्यांनी एक किलो सांगितलं, नळीसकट.