गुंठा आणि आर एक नव्हेत

बेळगावच्या पश्चिमेला पुष्कळ कुटुंबांची थोडी जमीन कर्नाटकात आणि थोडी चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात असते. इकडच्या उताऱ्यावर क्षेत्र एकर-गुंठ्यांत लिहितात, तिकडच्या सात-बारावर हेक्टर-आरमध्ये. वाटणीच्या वेळी दोन्हींची बेरीज करायची तर माप एकच हवे. अशा वेळी ‘गुंठा म्हणजे आरच की!’ असे म्हणून मोकळे होणारे मी अनेक पाहिले आहेत. ते खरे नाही, हे लांबीच्या साध्या रूपांतरावरून दाखवता येते.

एक इंच म्हणजे बरोबर २.५४ सेंटिमीटर. इंग्रजी मापे वापरणाऱ्या प्रमुख देशांनी १९५९ साली हे माप एकमताने ठरवले. फुटात १२ इंच. म्हणून १ फूट म्हणजे ०.३०४८ मीटर. आता ०.३०४८ मीटरला १ फुटाने भागले, तर वर आणि खाली लांबी एकच असल्यामुळे या अपूर्णांकाची किंमत १ होते. एकाने गुणल्यावर लांबी बदलत नाही, फक्त तिचे एकक बदलते. रूपांतराचे सारे मर्म एवढेच.

३३ फुटांना या अपूर्णांकाने गुणले की वरचा फूट आणि छेदातला फूट कटतो व १०.०५८४ मीटर उरतात. अपूर्णांक उलटा मांडला, तर फुटाचा वर्ग भागिले मीटर असे चमत्कारिक एकक उरते आणि चूक तिथेच उघडी पडते. म्हणून आकड्यांबरोबर एककेही लिहावीत.

गुंठा म्हणजे ३३ फूट बाजूचा चौरस. कन्नडमध्ये त्यालाच गुंटे म्हणतात. क्षेत्रफळात फूट दोनदा येतो, म्हणून गुणकही दोनदा घ्यायचा. १०.०५८४ चा वर्ग सुमारे १०१.१७ चौरस मीटर. आर मात्र १० मीटर बाजूचा चौरस, म्हणजे नेमके १०० चौरस मीटर.

गुंठ्यामागे फरक सव्वा चौरस मीटरहूनही कमी. पण एकरात ४० गुंठे असतात. एका भावाने इकडचे ४० गुंठे घेतले आणि दुसऱ्याने तिकडचे ४० आर, तर दुसऱ्याला सुमारे ४७ चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ अर्धा गुंठा कमी मिळतो. पाच एकरांच्या हिश्श्यात हीच तूट सव्वादोन गुंठ्यांच्या वर जाते.

तेव्हा वाटणीच्या कागदावर सही करण्यापूर्वी दोन्ही क्षेत्रे चौरस मीटरमध्ये आणावीत आणि मगच बेरीज करावी. हिशेब दहा मिनिटांचा आहे. चुकला, तर भावाभावांतला वाद मात्र दहा मिनिटांत मिटत नाही.